फारसीचा कोशकार माधव जूलियन

कुणाच्याही घरातले जुने जमिनीचे कागद उघडा, ‘जमीन’, ‘दस्तऐवज’, ‘खरीदखत’ हे शब्द भेटतातच. सगळी फारसीची देणगी! म्हणून आज एका फारसीच्या पंडिताबद्दल.

माधव जूलियन म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन. जन्म बडोद्याचा, १८९४ चा. शाळेत कवितेमुळे नाव ऐकलेलं असतं, पण हे गृहस्थ पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात फारसी शिकवायचे. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात होते.

त्यांचा ‘फारसी-मराठी कोश’ १९२५ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाने काढला. मंडळालाच त्याची गरज का? शिवकाळातली आणि पेशवाईतली कागदपत्रं फारसी शब्दांनी गच्च भरलेली, अभ्यासक पदोपदी अडायचे. माझ्या मते त्यांच्या कवितेपेक्षा हे काम मोठं आहे. (कवितावाल्यांनी रागावू नये!)

उमर खय्यामच्या रुबाया त्यांनी इंग्रजीच्या कुबड्या न घेता थेट मूळ फारसीतून मराठीत आणल्या. गझलेची वृत्तं मराठीत रुजवली. त्यांचा गझलसंग्रह ‘गज्जलांजलि’ १९३३ चा. ‘छंदोरचना’ या ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने १९३८ मध्ये डी.लिट. दिली.

आणि गंमत बघा, आधी स्वतःच्या कवितेत फारसी शब्दांची उधळण करणारा हाच माणूस नंतर कट्टर भाषाशुद्धीवाला झाला आणि मराठीतले फारसी शब्द काढा म्हणू लागला! मला हे काही पटत नाही. १९३९ मध्ये, जेमतेम पंचेचाळिशीत गेले.