आडनावात गाव आहे, पण जिल्हा कोणता?

खापरखेड्यातल्या एखाद्या आजोबांचा १९५५ चा सरकारी कागद काढून बघा. राज्य: मध्य प्रदेश! गाव जागेवरच होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. आपल्याला हे पाठ असतं, म्हणून कागद बघून कुणी चक्रावत नाही.

कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंची मुळं शोधायची तर असंच पाठांतर लागतं. घरात मराठी बोलणारा हा समाज. पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून शेजाऱ्यांनी नाव पाडलं ‘शनिवार तेली’. आडनावंही गावांवरून: किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, दिव्याचे दिवेकर.

मग काय, आडनाव वाचलं की गाव सापडलं! पण नोंद कुठे शोधणार? चौल १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडे होतं. अलिबाग आंग्र्यांचं, नंतर इंग्रजांचं. मुरुड, श्रीवर्धन १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या नवाबाचे. आणि कागदावरचा ‘कुलाबा’ बघून गेटवेजवळच्या कुलाब्यात फिरू नका. कुलाबा हा अख्खा जिल्हा होता, १९८१ मध्ये त्याचं रायगड झालं. नोकरीसाठी काही कुटुंबं कराचीला गेली. सिंध १९३६ मध्ये वेगळा होईपर्यंत तेही मुंबई इलाख्यातच होतं. म्हणजे आधी साल बघायचं, मग त्या साली तिथे राज्य कुणाचं होतं ते.

हा नुसता हौशी उद्योग नाही. १९६२ मध्ये इस्राएलच्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढलं: बेने इस्राएल माणसाचं लग्न लावण्याआधी आईकडची वंशावळ शक्य तितकी मागे तपासा. मायदेश समजून गेलेल्यांनाच ‘ज्यू आहात हे दाखवा’! चिडलेले लोक १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरले. तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं म्हटलं आणि फर्मान बदलावं लागलं.

यातली खरी गोची आईकडची. ‘कर’ येतं बापाकडून. आई पेणकरांची, आजी किहीमकरांची, पणजी अजून तिसऱ्या गावची, कदाचित नवाबाच्या हद्दीतली. तिथे आडनाव कामाला येत नाही. मग उरतो केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, नाहीतर दफनभूमीतले हिब्रू-मराठी अक्षरांचे दगड.