अजब मोबाईल विकण्याआधी त्याची कसोटी घ्या

मोबाईलच्या बाजारात साध्या फोनांबरोबर अजब फोनांचीही एक वेगळी रांग असते. कुठे अंगठ्याएवढा फोन, कुठे मोटारीच्या आकाराचा, कुठे मनगटावर बांधायचा, तर कुठे एकाच डब्यात फोन, टॉर्च आणि पॉवर बँक. किंमत कमी आणि गंमत जास्त, म्हणून तरुण गिऱ्हाईक त्याकडे ओढले जाते. दुकानदारालाही एका नगावर साध्या फोनपेक्षा बरा नफा सुटतो. परंतु हा माल टिकतो किती, याचे उत्तर ना डब्यावर असते, ना ठोक व्यापाऱ्याच्या तोंडात. ते उत्तर दुकानदारानेच शोधले पाहिजे, असे आमचे मत आहे.

नागपूरच्या सीताबर्डीवर गिऱ्हाईक एकदा येते आणि गर्दीत मिसळून जाते. पवनीसारख्या वैनगंगेकाठच्या गावात तसे नाही. आज फोन घेतलेला माणूस उद्या बाजारात भेटतो, शुक्रवारी त्याच सफेत उभा राहतो, लग्नात शेजारी जेवायला बसतो. तीनशे-चारशे रुपयांचा नफा खिशात पडला आणि फोन आठ दिवसांत बंद पडला, तर तुटतो तो फोन नव्हे, दुकानाचा भरवसा.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता धान्याच्या एका राशीत त्यांनी हात घातला आणि बोटांना ओल लागली, ही हदीस आपल्या प्रत्येक व्यापाऱ्याने ऐकलेली आहे. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ओले धान्य वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असे त्याला विचारण्यात आले. या प्रसंगाचा अर्थ आपण बहुधा ‘फसवू नका’ एवढाच घेतो. पण राशीत हात घालून पाहणे ही देखील त्यातलीच शिकवण आहे. वरचे धान्य पाहून माल पारखता येत नाही. आतला दोष माहीत असल्याशिवाय तो गिऱ्हाइकाला सांगणार तरी कसा?

पवनीला ही पारख नवी नाही. रेशमी काठाच्या सुती वस्त्रांसाठी येथील हातमाग एके काळी नावाजलेले होते. कापड घेणारा ते उजेडासमोर धरी, काठ चोळून पाही, कोपरा ओला करून रंग उतरतो का ते बघे. अजब फोनासाठी अशी रूढ पारख अजून बसलेली नाही. ती कशी बसवावी, हे पुढे देत आहोत. त्यासाठी यंत्रशाळा लागत नाही. एक नग, एक तराजू आणि आठ दिवसांची सवड पुरे.

ओळख आधी

ज्या फोनाची ओळखच खोटी, त्याची मजबुती तपासण्यात अर्थ नाही. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश ही बटणे दाबली की पडद्यावर पंधरा आकड्यांचा आयएमईआय क्रमांक येतो. तो डब्यावरील आणि बॅटरीखालच्या चिठ्ठीवरील क्रमांकाशी जुळला पाहिजे. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे, मग मोकळी जागा आणि हा क्रमांक लिहून १४४२२ वर संदेश पाठविला की तो क्रमांक कोणत्या फोनाचा आहे ते कळते. केंद्र सरकारच्या संचार साथी सेवेतही ही सोय २०२३ पासून आहे. अंगठ्याएवढ्या फोनाचा क्रमांक टाकल्यावर भलत्याच कंपनीच्या मोठ्या फोनाचे नाव आले, तर तो माल परत करावा.

याचा फटका या व्यापाराला पूर्वी बसलेला आहे. स्वस्त चिनी फोनांचा पूर आला असताना १ डिसेंबर २००९ पासून आयएमईआय नसलेल्या फोनांची सेवा देशभर बंद करण्यात आली आणि दुकानातला तसला माल एका रात्रीत कवडीमोल झाला. आता तर २०२३ च्या दूरसंचार कायद्यात या क्रमांकाशी छेडछाड करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्हीही होऊ शकतात. दुरुस्तीच्या टेबलावर बसणाऱ्या आमच्या तरुण कारागिरांनी हे नीट लक्षात घ्यावे. ‘नंबर मारून दे’ म्हणणारा कितीही ओळखीचा असो, त्याला नकारच द्यावा.

फोनावर आणि चार्जरवर बीआयएसचे चिन्ह व आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, तेही पाहावे. शिवाय अनेक छोटे फोन फक्त टू-जी जाळ्यावर चालतात. जिओचे जाळे पहिल्यापासून फोर-जीचे असल्यामुळे त्यांत जिओचे कार्ड चालत नाही. अड्याळ, आसगाव, कोंढा इकडून येणाऱ्या गिऱ्हाइकाला हे आधीच सांगितले नाही, तर दुसऱ्या दिवशी तो चांगला फोनही बिघडला म्हणून परत आणील.

पडण्याची कसोटी फसवी असते

फोन टेबलावरून खाली टाकून दाखविणे ही विक्रेत्यांची आवडती युक्ती आहे. ‘बघा, काही झाले नाही!’ पण यामागचा हिशोब समजून घ्यावा. २०१७ साली एका परदेशी कंपनीने ‘झॅन्को टायनी टी-१’ नावाचा फोन आणला. त्याचे वजन अवघे १३ ग्रॅम, लांबी पाच सेंटिमीटरहूनही कमी. पडताना बसणारा मार वजन आणि उंची यांच्या प्रमाणात असतो. २६० ग्रॅमचा पॉवर बँकवाला फोन त्याच उंचीवरून पडला, तर त्याला त्याच्या वीसपट मार बसतो. म्हणजे चिमुकला फोन पडून वाचतो तो मजबूत असतो म्हणून नव्हे, हलका असतो म्हणून. मुंगी छपरावरून पडली तरी मरत नाही, म्हणून तिला कोणी पैलवान म्हणत नाही.

तेव्हा पडण्याची कसोटी जड फोनांसाठी मनापासून घ्यावी. काउंटरच्या उंचीवरून, म्हणजे साधारण एक मीटरवरून, सिमेंटच्या फरशीवर सहाही बाजूंनी एकेकदा पाडावा. दर वेळी फोन लावून, चार्जिंग जोडून पाहावे. आत काही खुळखुळले, झाकणाची फट वाढली किंवा बॅटरीला पोचा आला, तर कसोटी तेथेच थांबवावी. मार लागलेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नये.

बटणे आणि चार्जिंगचे तोंड

चिमुकल्या फोनाचा खरा शत्रू जमीन नसून बोट आहे. दिवसाला दहा फोन लावले आणि प्रत्येकाचे दहा आकडे दाबले, तर शंभर वेळा बटण दाबले जाते. वर्षाचा हिशोब ३६,५०० होतो. तांदळाएवढ्या बटणाखाली पातळ पत्र्याची टिकली असते, ती तेवढ्या वेळा खाली-वर व्हायची असते. दुकानात सवडीने एकच बटण हजार वेळा दाबून पाहावे. दाबाचा आवाज मंदावला किंवा एका दाबात दोन आकडे उमटू लागले, तर हा फोन वर्ष काढणार नाही हे समजावे.

दुसरी जागा चार्जिंगच्या तोंडाची. मायक्रो-यूएसबी जोडणी मानकाप्रमाणे दहा हजार वेळा घालता-काढता आली पाहिजे. दिवसातून दोनदा म्हटले तरी तेरा वर्षे निघतात. मग स्वस्त फोनाचे तोंड काही महिन्यांतच का सैल होते? कारण बिघाड पिनेत नसतो, ते तोंड आतल्या पाटीला ज्या सोल्डरिंगने जोडलेले असते त्यात असतो. येथे कारागिराची नजर कामास येते. पहिला नग उघडून पाहावा. तोंडाच्या बाजूचे पाय पाटीत घट्ट बसविलेले आहेत, की नुसते वरवर चिकटविलेले आहेत? झाकण स्क्रूने बसते की गोंदाने? बॅटरी बदलता येते का? जो नग उघडून दुरुस्त करता येत नाही, तो टिकाऊ म्हणून विकू नये.

विदर्भाचा उन्हाळा

लिथियम बॅटरी साधारणपणे ० ते ४५ अंश तापमानात चार्ज करावी असा दंडक आहे. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या आसपास जातो. टिनाच्या छपराखाली किंवा ट्रकच्या काचेमागे त्याहून अधिक. म्हणजे विदर्भात उन्हाळ्याची दुपार हीच एक कसोटी आहे. नव्या फोनाची पहिली पूर्ण चार्जिंग डोळ्यांसमोर, कापडापासून व पुठ्ठ्यांपासून दूर करावी. दर पंधरा मिनिटांनी हात लावून पाहावा. हात ठेववत नसेल इतका तापला, तर पिन काढावी आणि तो माल परत पाठवावा. मुद्दाम उन्हात ठेवून, टोचून किंवा दाबून बॅटरीची परीक्षा मात्र कधीही घेऊ नये. त्यात आग लागण्याचा धोका असतो.

बॅटरी निघत असेल, तर आठ दिवसांनी ती सपाट काचेवर ठेवून बोटाने फिरवावी. चांगली बॅटरी घासत थांबते. भोवऱ्यासारखी फिरली, तर तिचे पोट फुगले आहे असे समजावे.

तराजूची साक्ष

पॉवर बँकवाल्या फोनावर ‘१०,००० एमएएच’ असे छापलेले असते. ते खरे की खोटे, हे साध्या तराजूवर बरेचसे कळते. २,५०० एमएएचचा एक गोल सेल सुमारे ४५ ग्रॅम भरतो. दहा हजारांसाठी असे चार हवेत, म्हणजे सेलचेच वजन १८० ग्रॅमच्या आसपास. चपटे सेल थोडे हलके असतात, पण फार नव्हे. संपूर्ण फोनच १२० ग्रॅमचा असेल, तर डब्यावरचा आकडा खोटा आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खऱ्या दहा हजारांच्या पॉवर बँकेतून दुसऱ्या फोनाला सहा ते साडेसहा हजारच मिळतात. आतला सेल ३.७ व्होल्टचा आणि बाहेर द्यावे लागतात ५ व्होल्ट, शिवाय वाटेत काही वीज उष्णतेत जाते. ही फसवणूक नाही. गिऱ्हाइकाला हे समजावून दिले, तर तक्रार उद्भवतच नाही.

पाणी आणि धूळ

धानाची रोवणी करणारा शेतकरी, नदीवर जाळे टाकणारा ढिवर, राईस मिलमधला हमाल, गवंडी हे सारे आपले गिऱ्हाईक. त्यांचा फोन चिखलात, घामात आणि कोंड्यात राहतो. फोनावर ‘आयपी ६७’ असा शिक्का असेल, तर त्यातला पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. सहा म्हणजे धूळ आत जात नाही, सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतो. असा शिक्का नसेल, तर फोन पाण्यात बुडवून पाहण्याची गरजच नाही. पाणी चालत नाही असे सरळ सांगावे. ओल्या फडक्यात दहा मिनिटे गुंडाळून बटणे चालतात का, एवढे पाहिले तरी पावसाळ्याचा अंदाज येतो.

नावीन्य म्हणजे ठिसूळपणाच, असे आम्ही म्हणत नाही. २००३ साली आलेल्या नोकिया ११०० मधील टॉर्च अनेकांना खेळणे वाटले होते. पण त्यासोबत धूळ न शिरणारी बटणे होती, आणि जगभर सुमारे २५ कोटी नग विकले गेले. गंमत आणि टिकाऊपणा एका डब्यात राहू शकतात.

दोष सांगून विका

२००७ साली याच कंपनीच्या बीएल-५सी बॅटऱ्यांत चार्जिंगच्या वेळी तापण्याचा दोष आढळला. तेव्हा ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबाबत तिने जाहीर सूचना देऊन त्या फुकट बदलून देण्याची तयारी दाखविली. एवढी मोठी कंपनी दोष कबूल करते आणि तिचे दुकान बुडत नाही, तर आपले का बुडावे?

आपल्याकडे याहून जुना दाखला आहे. इमाम अबू हनीफा (रह.) हे कूफा शहरातले कापडाचे व्यापारी. त्यांच्या भागीदाराने दोष असलेले कापड दोष न सांगता विकले आणि गिऱ्हाईक पुन्हा सापडेना, तेव्हा इमामसाहेबांनी त्या मालाची रक्कम सदका करून टाकली, असे सांगितले जाते. सदोष माल परत करण्याचा गिऱ्हाइकाचा हक्क आपल्या फिकहने शतकांपूर्वी मान्य केला आहे. देशाचा कायदाही आता तेच सांगतो. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मालाचा उत्पादक कोण हे कळत नसेल, तर सदोष मालामुळे झालेल्या हानीची जबाबदारी विक्रेत्यावर येऊ शकते. अजब फोनांच्या डब्यावर बहुधा उत्पादकाचा धड पत्ता नसतो, हे ध्यानात घ्यावे.

म्हणून आमचा सल्ला असा. ठोक व्यापाऱ्याकडून माल घेताना पक्के बिल घ्यावे. आधी एकच नग आणून वरील कसोट्या घ्याव्यात, उरलेला माल नंतर उचलावा. कसोटीचा नग नवा म्हणून विकू नये. तो काउंटरवर दाखवायला ठेवावा, ओरखड्यांसकट. फोन देताना बिलावरच चार ओळी लिहाव्यात: कोणते कार्ड चालते, पाणी चालते की नाही, बॅटरी किती तास पुरते, आणि किती दिवसांत बदलून मिळेल.

यामुळे काही गिऱ्हाईक फोन न घेताच निघून जातील, हे खरे. पण जो घेईल तो तक्रार घेऊन परतणार नाही, पुढचा फोन घ्यायला येईल. रोजी हलाल व्हावी आणि तिच्यात बरकत असावी, अशी दुआ आपण सारेच करतो. त्या दुआबरोबर राशीत एकदा आपला हातही घालून पाहावा, एवढेच आमचे व्यापारी आणि कारागीर बांधवांना सांगणे आहे.