नाणं सोन्याचं, गोष्ट आफ्रिकेची

सोनं म्हटलं की आपल्याला आठवतात पाटल्या, मंगळसूत्र, फार तर पाडव्याला घेतलेलं वेढणं. पण सोन्याची नाणी छंद म्हणून जमवणारेही जगात पुष्कळ आहेत. त्यांना आफ्रिकी देशांच्या नाण्यांचं भारी आकर्षण!

यातलं सर्वांत प्रसिद्ध नाणं म्हणजे दक्षिण आफ्रिकेचं ‘क्रुगरँड’. ते 1967 साली पहिल्यांदा निघालं. एका बाजूला जुने अध्यक्ष पॉल क्रुगर, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगबॉक हरीण. सोनं 22 कॅरेट. वजन 33.93 ग्रॅम, त्यात शुद्ध सोनं 31.1 ग्रॅम आणि बाकी तांबं. म्हणून रंग जरा लालसर. गंमत म्हणजे या सोन्याच्या नाण्यावर किंमतच लिहिलेली नसते!

पण या झळाळीमागे घाम आहे. विटवॉटर्सरँड भागात 1886 मध्ये सोनं सापडलं. कृष्णवर्णीय पुरुष घरदार सोडून खाणीत उतरले आणि मागे बायकांनी गावाकडे शेती नि मुलं सांभाळली. वर्णद्वेषाचा निषेध म्हणून अमेरिकेने 1985 मध्ये क्रुगरँडची आयात बंद केली. ती बंदी 1991 मध्ये उठली. मंडेला 1994 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच वर्षी सिंहाचं चित्र असलेल्या नाण्याने 24 कॅरेटची ‘नॅचुरा’ मालिका सुरू झाली. पुढे 2008 मध्ये तिथल्या ‘प्रोटिया’ मालिकेत आपले गांधीजीही आले.

आता थोडं व्यवहाराचं. नाण्यावर आफ्रिकी देशाचं नाव असलं, म्हणजे ते तिथेच घडलं असं नाही. सोमालियाची हत्तीची नाणी जर्मनीतल्या बव्हेरियाच्या टाकसाळीत पडतात. काही देशांच्या नावाने तर अवघी अर्ध्या ग्रॅमची नाणी निघतात. सुंदर डबी, प्रमाणपत्र, ‘मर्यादित आवृत्ती’ असे शब्द... आणि किंमत सोन्याच्या भावाच्या कितीतरी वर! विकायला गेलं की सराफ मात्र वजन आणि कस एवढंच बघतो. म्हणून कुणी असं नाणं पुढे केलं, तर आधी तीन गोष्टी विचारा : शुद्ध सोनं किती ग्रॅम? आजच्या भावाने त्याचे किती होतात? आणि परत कोण, कितीला घेईल?

आणि घरात असं नाणं आलंच, तर ते चिंच-रिठ्याने घासू नका, कडी लावून पेंडंटही करू नका. संग्राहकाच्या लेखी त्याचं मोल तिथेच घटतं. छंद जरूर जोपासावा; मात्र अडीअडचणीसाठी साठवलेलं स्त्रीधन त्यात घालू नये. ते वेगळंच ठेवलेलं बरं, नाही का?