आणखी एक घास नको!

"घे रे, आणखी एक घास!" आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा आग्रह. बडोद्यातल्या आमच्या घरी तो चक्क एका बेडकाच्या वाट्याला आला.

धाकट्या भावाने हौसेने पॅकमन फ्रॉग आणला. मूळचा अर्जेंटिना-पॅराग्वे भागातला, मुठीएवढा, हिरवा आणि अर्धे अंग म्हणजे नुसते तोंड! नाव ठेवले लाडू. समोर हललेले काहीही तो गट्ट करायचा. गिळताना डोळे मिटायचा. आजी म्हणायची, "बघा, किती चवीने खातोय!" खरे तर बेडकाचे डोळे आत दाबले जाऊन घास घशाखाली ढकलायला मदत करतात.

भाऊ त्याला रोज रातकिडे द्यायचा, वर अधूनमधून उंदराचे पिल्लू. काही महिन्यांत लाडू फुगला, जागचा हलेना आणि एके दिवशी रातकिड्याकडे त्याने पाहिलेही नाही. घरात सगळे धास्तावले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, "उपाशी नाही, लठ्ठ झालाय. असेच चालले तर डोळ्यांवर चरबीचे पांढरे डाग येतील, आयुष्यही घटेल."

हा बेडूक शिकारीमागे धावत नाही. मातीत अर्धा पुरून घेऊन वाट पाहतो आणि चिकट जीभ फेकतो. जर्मनीतल्या कील विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये मोजले, तेव्हा त्या जिभेची पकड सरासरी बेडकाच्या वजनाच्या १.४ पट भरली. पुढची शिकार कधी मिळेल याचा भरवसा नसल्याने 'पुरे' म्हणणे त्याच्या स्वभावातच नाही. ते आपल्यालाच म्हणावे लागते.

आता आमचा नेम ठरला आहे. पिल्लू असेल तर दिवसाआड, पूर्ण वाढलेल्याला सात ते दहा दिवसांतून एकदा, पाच-सहा रातकिडे किंवा एक-दोन गांडुळे. घास त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा रुंद नको. रातकिड्यांवर कॅल्शियम आणि डी-३ ची पूड भुरभुरायची. चिमट्यानेच भरवायचे, कारण तो बोटही पकडतो! उरलेले रातकिडे लगेच काढायचे, नाहीतर तेच त्याला चावतात. पाणी क्लोरीन घालवलेले. फवारणी झालेल्या बागेतले किडे, पोळी, पनीर अजिबात नको.

लाडूला पाहून शेजारच्या मुलाने पावसाळ्यात एक मोठा पिवळा बेडूक डब्यात भरून आणला. तो आपला देशी बेडूक. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्याला पकडणे किंवा पाळणे गुन्हा आहे. गोव्यात पहिल्या पावसात 'जंपिंग चिकन' म्हणून याच बेडकांची चोरून शिकार होते. त्याच रात्री आम्ही सगळे छत्र्या घेऊन गेलो आणि ज्या डबक्यातून आणला होता तिथेच त्याला सोडून आलो.

आणि आजीचा आग्रह? तोही वाया गेला नाही. लाडूला देण्याच्या आदल्या दिवशी रातकिड्यांना पौष्टिक खायला घालावे लागते. आमची शुद्ध शाकाहारी आजी त्यांच्यासाठी गाजर किसते, भोपळा चिरते आणि म्हणते, "खा रे बाबांनो, पोटभर!"

लाडू आता सडसडीत झाला आहे. आठवड्याने एकदा जेवतो आणि बाकीचे दिवस मातीत बसून आमच्याकडे बघत राहतो.