भिंतीतले उष्णतेचे पूल

उकळत्या चहात एक ॲल्युमिनियमचा आणि एक स्टेनलेस स्टीलचा चमचा उभा केला, तर हाताला चटका आधी कोणता देईल? वर्गात विचारले की बरीच मुले म्हणतात, दोन्ही धातूचेच, मग दोन्ही सारखेच. करून पाहिल्यावर मात्र ॲल्युमिनियमचा चमचा लगेच सोडावा लागतो, स्टीलचा बराच वेळ धरता येतो. स्टीलच्या पातेल्याला तांब्याचा तळ देतात तोही याच कारणाने. स्टेनलेस स्टील उष्णता नीट पसरवत नाही, म्हणून भाजी एकाच जागी करपते.

हा फरक आकड्यांत मांडता येतो. वॉट प्रति मीटर प्रति केल्विन या एककात ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंची उष्णतावाहकता 160 च्या आसपास असते, साध्या पोलादाची 50, स्टेनलेस स्टीलची 16, काचतंतू घातलेल्या प्लॅस्टिकची 0.3 आणि खनिज लोकरीची 0.04. ही यादी हाताशी ठेवू या. थंड देशांतल्या इमारतींच्या भिंतींचा एक मोठा घोळ तिच्यातून उलगडतो.

गोष्ट कॅनडातली आहे. तिथल्या व्हँकूव्हर भागात 1980 आणि 1990 च्या दशकांत बांधलेल्या शेकडो निवासी इमारतींच्या भिंतींत पावसाचे पाणी शिरले आणि आतले लाकूड कुजले. प्रकरण इतके वाढले की 1998 साली प्रांताचे माजी मुख्यमंत्री डेव्ह बॅरेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमावा लागला. त्यानंतर तिथे बाहेरचे आवरण, म्हणजे क्लॅडिंग, भिंतीला चिकटवून न बसवता थोडे दूर, मध्ये पोकळी सोडून बसवण्याची रीत रूढ झाली. आवरणातून आत आलेले पाणी पोकळीतून खाली निथळते आणि भिंत कोरडी राहते. पोकळीच्या आत, भिंतीला लागून खनिज लोकरीसारखा उष्णतारोधक थर घालतात. पाण्याचा प्रश्न सुटला. पण आवरण दूर ठेवायचे तर ते धरून ठेवायला काहीतरी हवे, आणि ते काहीतरी धातूचे असते. ते उष्णतारोधक थर भेदून आरपार जाते.

किती जागा व्यापते ते? सर्वांत सोपी आणि स्वस्त पद्धत म्हणजे इंग्रजी झेड अक्षराच्या आकाराच्या पोलादी पट्ट्या. पत्र्याची जाडी दीड मिलिमीटर आणि दोन पट्ट्यांमधले अंतर 600 मिलिमीटर धरू. म्हणजे धातूने भिंतीचा 400 वा हिस्सा अडवला, पाव टक्का. एवढ्याने काय होणार, असे कोणालाही वाटेल. आता गुणाकार करा. 50 ला 400 ने भागले तर 0.125 येते. खनिज लोकरीचा वाटा 0.04. म्हणजे पाव टक्का जागेतून जाणारी उष्णता उरलेल्या पावणेशंभर टक्क्यांतून जाणाऱ्या उष्णतेच्या तिप्पट! दोन्ही मिळून 0.165, ठरवलेल्याच्या चौपट.

कॅनडाच्या मैदानी प्रदेशात हिवाळ्यात बाहेर उणे 30 आणि आत 20 अंश असतील, तर फरक 50 अंशांचा. थर 10 सेंटिमीटर जाडीचा असेल तर कागदावर दर चौरस मीटरला 20 वॉट उष्णता बाहेर जायला हवी. पट्ट्या धरल्या तर 82 वॉट जाते. हिशेब आम्ही मुद्दाम सोपा ठेवला आहे. उष्णतेला पट्टीपर्यंत पोचतानाही अडथळा होतो, भिंतीचा स्वतःचा रोधही असतो, त्यामुळे खरा आकडा यापेक्षा कमी भरतो. पण दिशा तीच राहते. ब्रिटिश कोलंबियात 2014 साली अशा उष्णतेच्या पुलांविषयी एक सविस्तर मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. भिंतीच्या एकेका जोडणीतून किती उष्णता जाते याचे आकडे त्यामुळे वास्तुविशारदांच्या टेबलावर आले.

नुकसान इंधनाचेच असते असे नाही. पट्टी जिथे भिंतीला टेकते तिथे आतला पृष्ठभाग थंड पडतो. खोलीतल्या दमट हवेतली वाफ तिथे थिजते आणि बुरशी धरते. पावसाचे पाणी बाहेर ठेवण्यासाठी केलेली व्यवस्था अशा रीतीने आतूनच ओल आणू शकते.

मग थर जाड का करू नये? जाडी दुप्पट केली की पट्टीही दुप्पट खोल करावी लागते. दोन्हींचा रोध दुप्पट होतो, प्रमाण तेच राहते. आपल्या हिशेबात 20 सेंटिमीटर थर घालूनही 10 सेंटिमीटरने कबूल केलेले साधत नाही. त्याला 41 सेंटिमीटर लागतील. शिवाय भिंतीतल्या खुंटीवर जड पिशवी लटकवून पाहा. पिशवी टोकाकडे सरकवली की खुंटी जास्त वाकते. आवरणाचे वजन भिंतीपासून जितके दूर, तितका आधार दणकट हवा, म्हणजे धातू आणखी जास्त. उष्णता आणि बल यांची ही ओढाताण हाच या विषयाचा गाभा आहे.

तोडगा पहिल्या यादीतच आहे. सलग पट्टीऐवजी सुटे ब्रॅकेट घ्यायचे आणि ते स्टेनलेस स्टीलचे करायचे. 80 मिलिमीटर रुंद, 3 मिलिमीटर जाड असा एक ब्रॅकेट दर 600 गुणिले 900 मिलिमीटरला बसवला, तर त्याचा वाटा फक्त 0.007 होतो. चौपटीवरून आपण सव्वापटीच्याही आत आलो. तेच ब्रॅकेट ॲल्युमिनियमचे असते तर जवळजवळ तिप्पट झाले असते. सगळ्या ब्रॅकेटांनी सगळी कामे करायचीही गरज नाही. काही मोजके वजन पेलतात. बाकीचे वाऱ्याचा दाब आणि ओढ सोसतात आणि आडव्या-उभ्या सळ्यांना सरकू देतात. तीन मीटरची ॲल्युमिनियमची सळी 60 अंशांच्या फरकाने सुमारे 4 मिलिमीटर लांबते, तिला जागा द्यावीच लागते. ब्रॅकेटाखाली प्लॅस्टिकची चकती घालणे हा उपाय त्या मानाने लंगडा आहे, कारण चकतीतून आरपार जाणारा बोल्ट धातूचाच असतो.

काचतंतूच्या प्लॅस्टिकचे ब्रॅकेट उष्णतेच्या हिशेबात सर्वांत सरस. पण इथे थांबून विचार करायला हवा. 14 जून 2017 रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या 24 मजली इमारतीला लागलेल्या आगीत 72 माणसे मेली. आदल्याच वर्षी पूर्ण झालेल्या नूतनीकरणात तिला बाहेरून पॉलिथिलीनचा गाभा असलेले ॲल्युमिनियमचे पत्रे आणि फेसाळ प्लॅस्टिकचा उष्णतारोधक थर बसवला होता. आग पोकळीतून आणि पत्र्यांवरून वर चढली. आमच्या मते उंच इमारतीत काही वॉट जास्त गेले तरी चालतील, पण आवरण, थर आणि आधार न जळणारेच हवेत. खनिज लोकर आणि स्टेनलेस स्टील ही जोडी तिथे बरी.

निविदेत 'दहा सेंटिमीटर खनिज लोकर घालावी' असे लिहिणे म्हणूनच अपुरे ठरते. आधारांसकट सबंध भिंतीतून दर चौरस मीटरला, दर अंशाला किती वॉट जाणार, ते लिहायला हवे, आणि आधाराचा धातू, संख्या व अंतर यांचे हिशेब कंत्राटदाराकडून मागायला हवेत. आपल्याकडे आत-बाहेर 50 अंशांचा फरक पडत नाही. खिडक्या आणि छपरातून येणारी उष्णता हीच मोठी डोकेदुखी. पण वातानुकूलित कचेऱ्यांच्या भिंतींना हाच गुणाकार लागू पडतो, फक्त उष्णतेची दिशा उलटी.

वर्गात दाखवायचे असेल तर एका पातेल्यात साधारण 60 अंशांचे पाणी घ्या (उकळते नको, थर्माकोल मऊ पडतो). वर थर्माकोलचे झाकण ठेवा. त्यातून सारख्या जाडीची ॲल्युमिनियमची तार, लोखंडी खिळा, स्टेनलेस स्टीलची सुई आणि बांबूची काडी आरपार खुपसा. खालची टोके पाण्यात बुडू द्या, वरची सारखीच वर राहू द्या. प्रत्येक टोकावर थिजलेल्या तुपाचा वाटाण्याएवढा गोळा बसवा. कोणता आधी वितळेल, हे मुलांकडून आधी लिहून घ्या.