असं का? : कासवाची जखम

धरणगावकडे विहिरीचा गाळ काढताना कधीकधी टिकावाचा घाव बसलेलं कासव वर येतं. कोणीतरी हळद चोपडून त्याला परत पाण्यात सोडतं. इथेच चुकतं. कवच म्हणजे जिवंत हाड. भेगेतून घाण पाणी थेट आत शिरतं. शिवाय कासवाच्या अंगात आपल्यासारखी चूल पेटती नसते, ऊब बाहेरून घ्यावी लागते. अंग गार पडलं की जखम भरणाऱ्या पेशीही सुस्तावतात. कवच सांधायला तर महिने लागतात. म्हणून डॉक्टर जखम सलाइनने धुतात, पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडिन लावतात, कासवाला उबदार, कोरड्या जागी ठेवतात. पाण्यात थोडाच वेळ. डहाणूच्या कासव उपचार केंद्रात मासेमारीच्या जाळ्यांनी कापलेल्या समुद्री कासवांवर उपचार होतात. जखमी कासव घरी ठेवू नका, तो गुन्हा आहे. वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.