पाण्याची राखण : घरचे मासे, घरची भाजी आणि काही गैरसमज

विहिरीकाठच्या सांडपाण्यावर अळू लावावे आणि न्हाणीचे पाणी माडाच्या मुळाशी सोडावे, ही पाण्याचा थेंबही वाया न दवडण्याची रीत कोकणातील गृहस्थाला नवी नाही. म्हणूनच एका हौदात मासे पाळून त्यांच्याच पाण्यावर शेजारच्या वाफ्यात भाजी पिकविण्याची, आणि वाफ्यातून निथळलेले पाणी पुन्हा माशांकडे पाठविण्याची ‘अ‍ॅक्वापोनिक्स’ ही पद्धती रत्नागिरीच्या परसात आणि गच्चीवर सहज रुजावी, असे कोणासही वाटेल. हे वाटणे रास्त आहे. परंतु ऐकीव माहितीवर विसंबून आरंभ केला, म्हणजे मासे दगावतात, भाजी पिवळी पडते आणि दोष मात्र पद्धतीच्या माथी येतो. या व्यवस्थेत मासा व भाजी या दोहोंची निगा म्हणजे मुख्यतः पाण्याचीच निगा होय, आणि रत्नागिरीच्या पाण्याचा स्वभाव जाणल्यावाचून ती साधत नाही, हे पुढील विवेचनावरून ध्यानी येईल.

गैरसमज पहिला : हौद भरून मासे सोडले, की त्यांच्या विष्ठेवर भाजी आपोआप वाढते.

वस्तुस्थिती : मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे जो अमोनिया पाण्यात सोडतात, तो साचला तर त्यांनाच विष ठरतो. वाफ्यात भरलेल्या खडीला चिकटून वाढणाऱ्या जिवाणूंपैकी एक वर्ग त्या अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा वर्ग नायट्राइटचे नायट्रेट करतो, आणि हे नायट्रेट भाजीला मानवते. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास या जिवाणूंचे कार्य उलगडून दाखविले. त्यांची वस्ती पुरती जमण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात; तोवर मासे मोजके, खाद्य बेताचे आणि पाण्याची तपासणी वरचेवर, हा नियम पाळलाच पाहिजे. खडीही पारखून घ्यावी. आपल्याकडे जांभ्याचे तुकडे विपुल मिळतात म्हणून तेच वाफ्यात भरण्याचा मोह होतो. पण जांभा झिजून तांबडा गाळ सोडतो, आणि त्यातील लोह व अ‍ॅल्युमिनियम यांची संयुगे भाजीला हवे असलेले स्फुरद स्वतःकडेच अडकवून ठेवतात. काळ्या दगडाची, स्वच्छ धुतलेली, अर्धा ते पाऊण इंची खडीच बरी.

गैरसमज दुसरा : नितळ पाणी म्हणजे निरोगी पाणी.

वस्तुस्थिती : अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. शिवाय त्याचा विषारीपणा सामूवर (पीएचवर) अवलंबून असतो : पाणी अठ्ठावीस अंश उष्ण असता सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम एक टक्का विषारी रूपात असतो, सामू ८ झाला की हेच प्रमाण सहा-सात टक्क्यांवर जाते. तळ दिसणाऱ्या पाण्यातही मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर पाणी बिघडले किंवा प्राणवायू घटला, असे समजून तत्काळ तपासणी करावी आणि खाद्य बंद ठेवावे. उष्ण पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. पावसाळी वादळात रात्रभर वीज गेली, की पंप थांबतो आणि दाटीने ठेवलेले मासे पहाटेपर्यंत गुदमरून मरतात. सबब बॅटरीवर चालणाऱ्या हवेच्या पंपाची तजवीज आधीच असावी.

गैरसमज तिसरा : पावसाचे पाणी सर्वांत शुद्ध, ते हौदात जितके पडेल तितके चांगले.

वस्तुस्थिती : रत्नागिरीपुरता हा गैरसमज सर्वाधिक घातक आहे. जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करीत असता आम्ल उत्पन्न होते, आणि अमोनियातील दर एक ग्रॅम नत्रामागे पाण्यातील सुमारे सात ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी आम्ल झेलण्याची शक्ती खर्ची पडते. जांभ्यातून झिरपलेल्या विहिरीच्या पाण्यात चुन्याचा अंश आधीच थोडा. पावसाच्या पाण्यात तो जवळजवळ नाहीच. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या जिल्ह्यात पागोळ्या हौदात सोडल्या, तर सामू घसरत घसरत ६ च्या खाली जातो, जिवाणूंचे काम मंदावते आणि अमोनिया साचू लागतो. यावर उपाय घरातच आहे. तिसऱ्या शिजवून झाल्या, की उरलेले शिंपले अनेक पाण्यांत धुऊन त्यांतील मांस व मीठ पुरते काढावे, उन्हात कडकडीत वाळवावेत आणि जाळीच्या पिशवीत भरून पाणी पडते त्या धारेखाली ठेवावेत. पाणी आम्लधर्मी होऊ लागले, की शिंपले सावकाश विरघळून चुना पुरवितात. सामू ६.८ ते ७ च्या आसपास राहिला, म्हणजे मासे, जिवाणू व भाजी या तिघांचेही निभते. पाऊस थेट पडू नये म्हणून वाफ्यांवर छप्पर घालावे. नळाचे पाणी वापरायचे झाल्यास त्यातील क्लोरीन उडून जाण्यासाठी ते एक-दोन दिवस उघडे ठेवावे.

गैरसमज चौथा : खाद्य वाढविले, की भाजीही वाढते.

वस्तुस्थिती : संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेनुसार पालेभाजीच्या एक चौरस मीटर वाफ्यास दिवसाकाठी ४० ते ५० ग्रॅम, आणि टोमॅटो-वांग्यासारख्या फळभाजीस ५० ते ८० ग्रॅम मत्स्यखाद्य पुरते; तसेच हजार लिटर पाण्यात वीस किलोपेक्षा अधिक वजनाचे मासे नवशिक्याने ठेवू नयेत. न खाल्लेले खाद्य तळाशी कुजून प्राणवायू खाते. म्हणून मासे वीसेक मिनिटांत संपवतील तेवढेच घालावे व उरलेले काढून टाकावे.

गैरसमज पाचवा : पाने पिवळी पडली तर चिमूटभर युरिया, कीड पडली तर कडुनिंबाचा अर्क, दोन्ही निर्धोक.

वस्तुस्थिती : युरियाचा पाण्यात अमोनियाच होतो, तो हौदात कदापि घालू नये. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला, तर ते लोहाच्या कमतरतेचे चिन्ह होय. भोवतालची माती लोहाने तांबडी असूनही ते लोह पाण्यात उतरत नाही. चिलेटेड लोह अल्प मात्रेत द्यावे लागते. मत्स्यखाद्यात पालाश व चुनाही भाजीच्या गरजेहून कमी असतो. वनस्पतिजन्य म्हणून कीटकनाशक निरुपद्रवी ठरत नाही : तंबाखूचा काढा व पायरेथ्रम माशांना प्राणघातक आहेत, आणि कडुनिंबाच्या तेलानेही त्यांना अपाय होतो. अळ्या हाताने वेचाव्यात, वाफ्याला बारीक जाळी लावावी. आजारी माशाचा औषधोपचार स्वतंत्र टबात करावा, कारण मीठ भाजीला बाधते आणि प्रतिजैविके जिवाणूंची वस्ती उद्ध्वस्त करतात.

गैरसमज सहावा : हाती लागेल तो मासा चालतो.

वस्तुस्थिती : बांगडा, सुरमई हे खाऱ्या पाण्याचे जीव, त्यांचा येथे संबंध नाही. आफ्रिकी मांगूर पाळण्यास केंद्र सरकारची २००० सालापासून मनाई आहे. तिलापियाची एक जात १९५२ साली भारतात आणली गेली आणि देशभरच्या तळ्यांत पसरून स्थानिक माशांना भारी झाली. त्यामुळे तिलापियाचे संवर्धन आज परवान्यावाचून करता येत नाही. मुसळधार पावसात हौद ओसंडला, की परका मासा पऱ्ह्यातून नदीत पोचण्यास वेळ लागत नाही. नवशिक्याने घरापुरते कोई किंवा गोल्डफिश पाळावेत. जागा व पाणी मुबलक असेल तरच रोहू-कटल्याचा विचार करावा.

रत्नागिरीच्या शिरगाव येथे १९८१ पासून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय उभे आहे आणि झाडगाव येथे त्याच विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. इतके ज्ञान उंबरठ्याशी असता ऐकीव सल्ल्यावर विसंबणे योग्य नव्हे. वाचकांस विनंती इतकीच, की हौद बांधण्याआधी आपल्या विहिरीच्या पाण्याचा सामू व चुन्याचे प्रमाण तपासून घ्यावे, एक नोंदवही घालून त्यात सामू, अमोनिया आणि खाद्य यांची नोंद नेमाने ठेवावी, आणि पहिले सहा आठवडे माशांची संख्या वाढविण्याची घाई करू नये.